फायनल नावाच्या अकरा फायली

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४७, राहणं गंगापूर रोडला, नोकरी सांभाळून एका जुन्या मंडळाचं सहचिटणीसपद. मंडळाला ५० वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची ठरली. संपादक मंडळातलेच एक ७४ वर्षांचे काका, निवृत्त शिक्षक. मजकूर जमवणं आणि टाइप करणं ताईंकडे. चार महिने वर्डच्या फायली व्हॉट्सॲपवर इकडून तिकडे फिरल्या. मधल्या काळात मंडळाचे एक संस्थापक सदस्य वारले. ताईंनी त्यांच्या नावाआधीचं ‘श्री.’ काढून ‘कै.’ केलं, ‘दीर्घायुष्य लाभो’ हे वाक्य काढलं, त्यांच्या पत्नीच्या नावाआधी ‘सौ.’ होतं तिथे ‘श्रीमती’ केलं. त्याच आठवड्यात काकांनी स्वतःकडच्या जुन्या फायलीत शुद्धलेखन तपासलं आणि ती फाइल थेट प्रेसला दिली. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, प्रकाशन झालं. पहिल्या रांगेत त्या सदस्यांच्या पत्नी बसल्या होत्या. वहिनींनी पान उघडलं, आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

ताई विचारतात: “चूक माझी नव्हती हे कार्यकारिणीपुढे सिद्ध करू का? काका वडिलांसारखे आहेत, पण ते म्हणतात, शेवटची म्हणून मला हीच फाइल मिळाली होती. आता मंडळ २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदाघाटाची माहितीपुस्तिका काढणार आहे आणि काम पुन्हा आम्हा दोघांनाच दिलंय. नाही म्हणू का? असा गोंधळ होऊ नये म्हणून एखादं सॉफ्टवेअर असेल तर सांगा, पैसे गेले तरी चालतील.”

ताई,

पत्र वाचल्यावर माझं मन त्या वहिनींपाशीच अडकलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुमच्या पत्रात काकांचं म्हणणं आहे, अध्यक्षांचं आहे, प्रेसवाल्याचंही आहे. वहिनींना नंतर कुणी जाऊन भेटलं का, हे मात्र कुठेच नाही. कदाचित लिहायचं राहून गेलं असेल. कुणी गेलं नसेल तर या रविवारी जा, आणि काकांना बरोबर घेऊन जा. तिथे फायलींची हकिगत सांगू नका. “वहिनी, आमच्याकडून फार वाईट चूक झाली,” एवढंच पुरे. ‘आमच्याकडून’ हा शब्द काकांच्या देखत तुमच्या तोंडून गेला की तुम्हा दोघांमधलं निम्मं बोलणं तिथेच होऊन जाईल.

आता सिद्ध करण्याविषयी. तुम्ही सांगता तसंच घडलं असणार, आणि ते तपासताही येतं. तुमची शेवटची फाइल आणि प्रेसला गेलेली फाइल वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’खालच्या ‘कंपेअर’मध्ये घाला. कुठला शब्द कुठे वेगळा आहे ते रंगात दिसेल. तिथे बदल अक्षरागणिक दाखवायचे की शब्दागणिक, असं विचारलेलं असतं. मराठीसाठी शब्दागणिकच ठेवा, नाहीतर काना-मात्रा सुट्या होऊन काहीच वाचता येत नाही. आणखी एक गोष्ट मराठीत हमखास फसवते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर आणि फोनवर मराठी लिहायच्या आजच्या प्रमाण पद्धतीत, दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. तुम्ही फोनवर टाइप करत असाल आणि काका संगणकावर, तर जिथे कुणी काहीच बदललेलं नाही अशाही ठिकाणी रंग दिसेल. त्यावरून काकांवर संशय घेऊ नका. आणि फोल्डरमध्ये फायलीसमोर जी तारीख दिसते तिच्यावर विसंबू नका. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फायलीसमोर बहुतेकदा उतरवल्याची तारीख असते. फाइल उघडून ‘इन्फो’मध्ये पाहिलंत तर शेवटचा बदल कधी आणि कुणाच्या नावाने झाला ते कळतं, ते जास्त भरवशाचं.

हे सगळं केलंत तर हाती काय येईल? काकांनी जुन्या फायलीवर काम केलं एवढं. जुनी कुठली आणि नवी कुठली हे त्यांना कळण्याची काही सोय होती का, याचं उत्तर त्यात मिळणार नाही. ते उत्तर तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या यादीत आहे. स्मरणिका फायनल, स्मरणिका फायनल नवीन, फायनल काका, फायनल काका सुधारित, फायनल प्रेस, फायनल खरी... अकरा नावं, आणि प्रत्येकात फायनल. मी परकी बाई, हाताशी भरपूर वेळ, कसली घाई नाही. तरी यातली शेवटची कुठली ते मला ओळखता आलं नाही. काका म्हणतात शेवटची म्हणून हीच मिळाली होती, आणि मला वाटतं तेही खरंच बोलताहेत. ‘फायनल’ हे फायलीचं नाव कधीच असू नये. फायनल हा निर्णय असतो. तो कुणीतरी घ्यावा लागतो, एका ठरलेल्या दिवशी, आणि बाकीच्यांना सांगावा लागतो. तुमच्या स्मरणिकेत तो कुणीच घेतला नाही, नावं मात्र अकरा वेळा दिली गेली.

म्हणून कार्यकारिणीपुढे जायचंच असेल तर काकांची फाइल घेऊन जाऊ नका. ‘आपल्याकडे मूळ प्रत कोणती हे ठरवायची पद्धतच नव्हती, पुढच्या कामासाठी ती अशी असेल’ असा एक कागद घेऊन जा. तुम्हाला निर्दोष ठरायची इच्छा आहे ती रास्त आहे. चार महिने रात्री जागून टाइप केलंत, त्यावर असा डाग लागला तर दुखणारच. पण पद्धत मांडणाऱ्या माणसाकडे कुणी बोट दाखवत नाही, आणि काकांनाही मान खाली घालावी लागत नाही.

मी तरुणपणी काही वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधन करायचे. खिळ्यांचे, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचे दिवस होते. जुळारी समोरच्या केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा, ओळींचा मजकूर व्हायचा, तो सुतळीने बांधून ठेवायचा. प्रुफं, म्हणजे तपासायचे छाप, कितीही निघोत, एक माझ्याकडे, एक लेखकाकडे, एक मालकांच्या टेबलावर. बांधलेला मजकूर एकच असायचा. दुरुस्ती कुठल्याही कागदावर झालेली असो, ती त्या एका मजकुरात गेली तरच झाली. एकदा एका पुस्तकाच्या दोन संपादकांनी वेगवेगळ्या प्रुफांवर उलटसुलट दुरुस्त्या करून पाठवल्या. आमच्या जुळाऱ्याने दोन्ही कागद परत केले. म्हणाला, आधी दोघांचं एक करून आणा, माझ्याकडे शिसं एकच आहे.

संगणकाने आपल्याला त्या शिशातून सोडवलं, आणि फार चांगलं केलं. पण त्या शिशाने आपोआप मिळणारी एक गोष्ट त्याबरोबर गेली, ती म्हणजे मूळ एकच असण्याची खात्री. आता फाइल पाठवणं म्हणजे हातातली वस्तू देणं राहिलेलं नाही. पाठवलं की आणखी एक मूळ प्रत जन्माला येते. तुम्ही गटात फाइल टाकलीत की जितके जण उतरवतील तितक्या प्रती झाल्या. त्यातल्या एकाने उघडून एक वेलांटी दुरुस्त केली की त्याची फाइल वेगळ्या वाटेला लागली, आणि त्याला ते कळलंही नाही. हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आधी समजून घ्यायला हवं, कारण सॉफ्टवेअर घेऊनही लोक पुन्हा तेच करतात: चांगली सोय असलेली फाइल उतरवून घेतात आणि व्हॉट्सॲपवर टाकतात.

तेव्हा पहिला नियम तुम्हीच घाला. मूळ फाइल एका ठिकाणी, एका माणसाच्या ताब्यात. बाकीच्यांकडे जाईल तो कागद, पीडीएफ किंवा लिंक. वर्डची फाइल कुणालाच जाणार नाही, अध्यक्षांनासुद्धा.

पैसे देऊन काही घ्यायची गरज नाही. जे तुमच्याकडे आहे त्याची एकदा नीट ओळख करून घेऊ.

वर्ड जुनं सगळं आपोआप सांभाळून ठेवतं, असा समज फार जणांचा असतो. फाइल तुमच्या संगणकाच्या डिस्कवर असेल तर तसं होत नाही. दर दहा मिनिटांनी वर्ड जी प्रत बाजूला ठेवतं ती वीज गेली किंवा प्रोग्रॅम बंद पडला तर उपयोगी पडावी म्हणून. तुम्ही नीट सेव्ह करून बंद केलंत की ती जाते. जुन्या आवृत्त्यांचा इतिहास हवा असेल तर फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या जागेत, ठेवावी लागते, मग ‘इन्फो’मध्ये ‘व्हर्जन हिस्टरी’ दिसते. काकांनी शाळेच्या कार्यालयात जुनं वर्ड वापरलं असेल तर त्यांना कदाचित आठवेल, वर्ड ९७ ते २००३ मध्ये ‘फाइल’खाली ‘व्हर्जन्स’ अशी एक सोय होती, एकाच फायलीच्या पोटात जुन्या आवृत्त्या राहायच्या. वर्ड २००७ मध्ये ती काढून टाकली. लिबरऑफिस रायटर या मोफत प्रोग्रॅममध्ये ती अजून आहे, तिथेही ‘फाइल’मध्येच. प्रत्येक आवृत्तीला शेरा लिहिता येतो, फाइल बंद करताना आवृत्ती आपोआप जपायला सांगता येतं. मात्र फाइल लिबरऑफिसच्या स्वतःच्या प्रकारात, म्हणजे ओडीटीमध्ये, ठेवावी लागते. आणि ‘सेव्ह ॲज’ करून नवी प्रत काढली तर जुन्या आवृत्त्या तिच्यात येत नाहीत. जे एकट्याने लिहितात आणि इंटरनेटवर फार अवलंबून राहू इच्छित नाहीत, त्यांना मी हेच सुचवते.

तुमच्या कामाला मला गूगल डॉक्स योग्य वाटतं, कारण तिथे फाइल जागची हलत नाही, माणसं तिच्याकडे येतात. कोणी, कधी, काय बदललं हे ‘व्हर्जन हिस्टरी’त माणसागणिक रंगाने दिसतं. जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं, आणि परत गेल्याने मधलं काही पुसलं जात नाही, ते इतिहासात राहतं. पण नुसतं त्याच्यावर सोडून देऊ नका. जागा वाचवायला गूगल बारीकसारीक आवृत्त्या अधूनमधून एकत्र करतं, म्हणून महत्त्वाच्या टप्प्याला ‘नेम करंट व्हर्जन’ करून नाव द्या: ‘शुभेच्छा संदेश पूर्ण’, ‘काकांचं पहिलं वाचन’, ‘देणगीदार यादी, खजिनदारांनी तपासली’. नावात काय झालं ते हवं. ‘मेक अ कॉपी’ केलं तर त्या प्रतीबरोबर इतिहास येत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि वर्डची फाइल जशीच्या तशी गूगल ड्राइव्हवर चढवत राहिलात तर तिच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनंतर किंवा १०० नव्या आवृत्त्या झाल्यावर काढल्या जाऊ शकतात. जी हवी तिला कायम ठेवायची खूण करावी लागते. स्मरणिकेला तुम्हाला चार महिने लागले होते, म्हणजे पहिल्या महिन्याच्या आवृत्त्या तिथे बहुधा उरल्या नसत्या.

आता काका. तुम्ही लिहिलंय, “त्यांना गूगल डॉक्स शिकवायचा प्रयत्न केला, दोनदा चिडले.” त्यांना ते शिकायलाच हवं, असं तुम्ही धरून चालला आहात. मी तसं धरणार नाही. आयुष्यभर लाल शाईने वह्या तपासलेला माणूस आहे. त्यांची नजर कागदावर चालते आणि ती नजरच तुम्हाला हवी आहे. त्यांना मोठ्या अक्षरात, दुप्पट ओळ सोडून छापलेली प्रत द्या. प्रत्येक पानाच्या माथ्यावर प्रत क्रमांक आणि तारीख. ते लाल पेनाने दुरुस्त्या करतील, तुम्ही त्या मूळ फायलीत घालाल, कागद फोल्डरमध्ये लागेल. तुमचं टायपिंग वाढेल, हे खरं. पण मूळ फाइल एकच राहील, आणि काका काय म्हणाले होते त्याचा त्यांच्याच अक्षरातला कागद तुमच्याकडे असेल.

ते कागदाला तयार नसतील, मला वर्डमध्येच हवं म्हणाले, तर दुसरी वाट आहे. फाइल पाळीपाळीने. ज्याच्याकडे फाइल तोच बदल करणार, दुसऱ्याने तोवर हात लावायचा नाही. शेतावर विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या असतात ना, तसं. फाइल देताना ‘ट्रॅक चेंजेस’ चालू करून द्या, म्हणजे त्यांनी खोडलेलं आणि घातलेलं दोन्ही दिसेल. ते कुणी बंद करू नये म्हणून त्याला पासवर्डही लावता येतो. या वाटेत धोका एवढाच की पाळी मोडली की सगळं मोडलं. आणि मागच्या वेळी नेमकी तीच मोडली. तुम्ही दोघांनी एकाच आठवड्यात वेगवेगळ्या प्रतींवर काम केलंत. माझं मत विचाराल तर काकांना कागदच द्या.

‘ट्रॅक चेंजेस’ वापरणाऱ्या सगळ्यांसाठी एक सांगून ठेवते, कारण यावरून मला दरवर्षी एखादं पत्र येतंच. पडद्यावरून बदलांच्या खुणा लपवल्या म्हणजे बदल पक्के झाले, असं होत नाही. ते फायलीत तसेच असतात. प्रेसकडे अशी फाइल गेली तर खोडलेला मजकूरही जुळणीत शिरू शकतो. तसंच समासातले शेरे. ‘यांनी देणगी कबूल करून दिली नाही, नाव घ्यायचं का?’ असा शेरा ठेवून फाइल बाहेर गेली तर काय होईल, विचार करा. पाठवण्याआधी एकेक बदल बघून स्वीकारा किंवा नाकारा, शेरे काढा, आणि वर्डमधलं ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ एकदा चालवून आत काही राहिलं नाही ना ते पाहा.

ज्या टप्प्याकडे जवळजवळ सगळे दुर्लक्ष करतात तो इथून पुढचा. मजकूर प्रेसमध्ये जातो, ऑपरेटर पानं लावतो, आणि त्या क्षणी मूळ प्रत घर बदलते. तुमच्या वर्डमधली किंवा डॉक्समधली फाइल आता मूळ राहिलेली नसते. मूळ असते ती ऑपरेटरच्या संगणकातली पानांची फाइल. बऱ्याच प्रेसमध्ये अजून युनिकोडच्या आधीच्या फाँटांवर काम चालतं. तिथे तुमचा युनिकोड मजकूर आधी बदलून घेतात, आणि त्या बदलात रफार सरकतात, ‘ऑ’ आणि ‘ॲ’ची अक्षरं बिघडतात, जोडाक्षरं फुटतात. म्हणजे तुम्ही दहा वेळा तपासलेला मजकूर तिथे पहिल्यापासून पुन्हा वाचावा लागतो. त्यानंतरची दुरुस्ती फक्त प्रेसच्या पीडीएफ प्रुफावर. तुमच्या फायलीत दुरुस्ती करून ‘नवीन फाइल घ्या’ म्हणायचं नाही, कारण मग ऑपरेटर सगळी पानं पुन्हा लावतो आणि आधीच्या प्रुफावरच्या दुरुस्त्या हरवतात. आणि पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती काढताना ‘आपल्याकडची वर्डची फाइल’ उघडू नका, प्रुफावर झालेल्या दुरुस्त्या तिच्यात नाहीत. छपाई झाली की प्रेसकडून शेवटची पीडीएफ आणि पानांची फाइल दोन्ही मागून घ्या. हे आधीच बोलून ठेवा, नंतर मागितलं की मिळेलच असं नाही.

प्रेसशी बोलणारा माणूस एकच असावा. दोघांकडून सूचना गेल्या की ऑपरेटर शेवटचा फोन ज्याचा, त्याचं ऐकतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. आणि छापण्याआधी शेवटच्या पीडीएफचा कागदावर प्रिंट काढून प्रत्येक पानावर तुमची आणि काकांची सही, वर ‘छापावे’ आणि तारीख. आमच्या छापखान्यात या सहीशिवाय मशीन सुरू होत नसे. ही सही म्हणजेच फायनल.

त्या सहीच्या दिवशी नावांचं वाचन वेगळं करा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने यादीवर बोट ठेवायचं. श्री., सौ., श्रीमती, कै. यांची यादी त्याच दिवशी नव्याने तपासायची, आठवड्यापूर्वीची चालणार नाही. स्मरणिकेचं काम चार-चार महिने चालतं आणि ज्यांच्याविषयी आपण लिहितो ती बहुतेक माणसं पंच्याहत्तरीपुढची असतात. त्या काळात कुणीतरी जातंच. याला कुठलंही सॉफ्टवेअर आठवण करून देणार नाही.

आणि एक वही ठेवा, किंवा डॉक्समध्येच एक वेगळं पान. तिला मी फेरफार वही म्हणते. घरात शेती असेल तर तुम्हाला माहीत असेल, सातबारा उघडला की आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. ती त्याच्या नावावर कशी आली ते गाव नमुना सहामध्ये, फेरफार नोंदवहीत, आणि सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा क्रमांक असतो. तुमची मूळ फाइल म्हणजे सातबारा. वहीत लिहायचं ते इतकंच: तारीख, पान, काय होतं, काय केलं, कुणाच्या सांगण्यावरून. ‘१४ जानेवारी, पान ९, श्री. ऐवजी कै., निधनाची बातमी, चिटणिसांनी सांगितलं.’ ही एक ओळ मागच्या वेळी असती आणि काकांनी प्रेसला जायच्या आदल्या दिवशी ती वाचली असती तर त्यांनीच तुम्हाला फोन केला असता. सॉफ्टवेअरचा इतिहास काय बदललं ते सांगतो, का बदललं ते सांगत नाही. ते ज्याचं त्याने लिहावं लागतं. काकांना वहीची कल्पना पटवायची असेल तर पंचवटीतल्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांचं उदाहरण द्या. यात्रेकरू आला की त्याच्या घराण्याच्या नोंदीखाली नवी नोंद, तारखेसह. पणजोबांची नोंद खोडून नातवाचं नाव कुणी घालत नाही. म्हणून तर चार पिढ्या मागचं सापडतं.

अशीच अडचण सोसायटीच्या सचिवांची असते, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची असते. एकटे असाल आणि गूगल, वनड्राइव्ह काहीच नको असेल, तर निदान नावं नीट द्या. विषय, मग दोन आकडी क्रमांक, मग साल-महिना-दिवस या क्रमाने तारीख, मग ज्याने हात लावला त्याचं नाव. ०७ लिहा, ७ नको, नाहीतर काही ठिकाणी १० हे २ च्या आधी येतं. आकडे मराठी किंवा इंग्रजी, पण सगळीकडे एकच. मिसळले की क्रम बिघडतो. आणि जुन्या फायली ‘जुन्या’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, म्हणजे समोर नेहमी एकच दिसेल. प्रबंध लिहीत असाल तर मार्गदर्शकांकडे प्रकरण पाठवलंत की ते परत येईपर्यंत त्याच प्रकरणात काही करू नका, दुसरं लिहायला घ्या.

सिंहस्थाच्या पुस्तिकेला नाही म्हणू नका, असं मला वाटतं. पण एका अटीवर हो म्हणा: मूळ प्रत तुमच्याकडे, प्रेसशी बोलणं तुमच्याकडे, संपादनाचा शेवटचा शब्द काकांचा. ही वाटणी कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. अट मान्य झाली नाही तर मग खुशाल नाही म्हणा, मनाला लावून घेऊ नका.

हे काम स्मरणिकेपेक्षा नाजूक आहे. स्मरणिकेत चूक झाली तर माणसं दुखावतात. घाटाच्या पुस्तिकेत चूक झाली तर बाहेरगावचा माणूस गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, भलत्या दिवशी, भलत्या रस्त्याने पोहोचेल. आणि एक मोह आत्ताच ओळखून ठेवा. मंडळात कुणाकडे तरी २०१५ च्या वेळची फाइल असणार, आणि कुणीतरी म्हणणार की तीच घेऊ, फक्त साल बदलू. रामकुंड कुठे आहे ते बारा वर्षांत बदलत नाही. पर्वणीच्या तारखा, वाहनतळ, बंद रस्ते, मदतकेंद्रं सगळं बदलतं. जुनी फाइल आधाराला समोर ठेवा, पण नवी कोऱ्या पानावर सुरू करा. बदलणाऱ्या प्रत्येक माहितीसमोर ती कुठून घेतली आणि कोणत्या तारखेला, हे फेरफार वहीत हवं. प्रशासनाकडून नवं पत्रक आलं की कुठल्या पानावर जायचं ते वही सांगेल.

आता हातातल्या स्मरणिकेचं. उरलेल्या प्रती वाटू नका. त्या पानावर चिकटवायला शुद्धिपत्र छापून घ्या. ज्या प्रती गेल्या त्यांच्या मालकांनाही ते पोचवा. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला प्रत दिली असेल तर तिथे स्वतः जा. १८४० पासूनचं वाचनालय आहे, तिथला कागद आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त टिकेल, आणि पन्नास वर्षांनी कुणी मंडळाचा इतिहास लिहायला बसलं तर त्याला ते गृहस्थ त्या दिवशी हयात होते असं वाटायला नको. ग्रंथपालांना सांगून शुद्धिपत्र त्या प्रतीत लावून या.

मजकूर तुम्हीच लिहा. फायलींचा उल्लेख नको, प्रेसचा नको, ‘नजरचुकीने’ हा शब्दही नको. त्यांचं नाव ‘कै.’सह, त्यांनी मंडळासाठी काय केलं ते दोन ओळींत, वहिनींचं नाव ‘श्रीमती’सह, आणि खाली संपादक व सहचिटणीस दोघांच्या सह्या. कागदावर प्रिंट काढा, माथ्यावर ‘प्रत १’ आणि तारीख घाला, आणि लाल पेन बरोबर घेऊन काकांकडे जा.